मेलबर्नचा वारा फिरतो तेव्हा

सकाळी नऊलाच उत्तरेचा वारा सुटला होता. इतका कोरडा, की घाम दिसायच्या आत वाळत होता आणि ओठ फुटले होते. दुपारी पारा ४१ वर गेला. ताईनं पहाटेच खिडक्या लावून पडदे ओढले होते. एक खिडकी किलकिली करायला गेले तर म्हणाली, "अगं, नको! सहाच्या सुमाराला चेंज येणार आहे. तोवर कळ काढ."

मेलबर्नमध्ये उन्हाळ्यात सगळे या 'चेंज'कडे डोळे लावून बसतात. टास्मान समुद्रावर जास्त दाबाचं क्षेत्र असलं, की त्याच्याभोवती वारे घड्याळाच्या उलट फिरतात (दक्षिण गोलार्ध!) आणि व्हिक्टोरियावर (मेलबर्नचं राज्य) थेट मध्य ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातली हवा येऊन पडते. पश्चिमेकडून मात्र दक्षिण महासागरावरची थंड, जड वायुराशी पुढे सरकत असते. ती पाचरीसारखी तापलेल्या हवेखाली घुसते. दोन्हींमधली सीमा म्हणजे शीत आघाडी. ती आली की वारा फिरतो, तोच हा 'चेंज'.

त्या संध्याकाळी ही आघाडी अक्षरशः माझ्या डोक्यावरून पुढे सरकली! अंगणातल्या निलगिरीच्या फांद्या दिवसभर दक्षिणेकडे वाकलेल्या होत्या. त्या थांबल्या. मग नैऋत्येकडून धूळ आली, फाटक आपटलं आणि तेच झाड उलट्या बाजूला झुकलं. वीसेक मिनिटांत मोबाइलवर ४० चे २४ झाले. पाऊस एक थेंबही नाही, कारण त्या वाळवंटी हवेत बाष्पच नव्हतं. गल्लीभर खिडक्या उघडल्याचे आवाज आले, शेजारच्या आजी दारात खुर्ची टाकून बसल्या. आपल्याकडे वळवाच्या सरीनंही गार वाटतं, पण दुसऱ्या दिवशी पुन्हा घामाच्या धारा. इथे अख्खी हवाच बदलली होती. मी ताईकडे शाल मागितली. असं सुख मी प्रवासात क्वचितच अनुभवलंय.

भावजी मात्र बाहेर आले नाहीत. रेडिओला कान लावून बसले होते. कुठे वणवा पेटलाय का, एवढंच त्यांना ऐकायचं होतं.

पुढचे दिवस समुद्रकिनारे आणि पेंग्विन पाहण्यात गेले. पेंग्विनपेक्षा गर्दीच जास्त दिसली. मग भावजींनीच ब्लॅक स्पर या डोंगराळ रस्त्यावरच्या उंच झाडीतून मेरीजव्हिल या गावी नेलं.

७ फेब्रुवारी २००९ ला मेलबर्नमध्ये ४६.४ अंश होते. त्या दिवशीच्या वणव्यांनी १७३ जीव घेतले. वायव्येच्या वाऱ्यानं आगी आग्नेयेकडे लांबट, चिंचोळ्या पट्ट्यांत पळत होत्या. संध्याकाळी चेंज आला, वारा नैऋत्येचा झाला आणि त्या पट्ट्याची ईशान्येकडची अख्खी लांब कड हे आगीचं नवं तोंड झालं. मुरिंडिंडी भागात लागलेली आग अशीच वळून मेरीजव्हिलवर आली. गावातली बहुतेक घरं गेली. आज तिथे नवी घरं आहेत, बेकरी आहे, धबधब्याकडे जाणारी पायवाट आहे. भावजी गाडीतून उतरल्यावर बराच वेळ बोलले नाहीत.

'एका दिवसात चार ऋतू' अशी मेलबर्नची जाहिरात सगळीकडे करतात, त्याचा मला आता राग येतो. पर्यटकाला छत्री घ्या म्हणून सांगतात, वाऱ्याचं कुणी सांगत नाही. उन्हाळ्यात जाणार असाल तर कमाल तापमानाबरोबर वारा कधी फिरणार तेही बघा. आगबंदी (उघड्यावर आग पेटवायला मनाई) जाहीर झाली असेल त्या दिवशी रानात जाऊच नका, आणि गार वारा सुटला म्हणून तर अजिबात निघू नका.