बुटांना वास येतोय? आधी सुकवा, मग बाकीचं

बुटांना वास यायला लागला की बरेच जण पहिलं काय करतात तर आत डिओ मारतात, मग आधीचा वास अधिक डिओ असं काहीतरी भलतंच तयार होतं आणि शेजारी बसलेला माणूस हळूच लांब सरकतो. माझं सरळ मत आहे, बुटाला सुगंध नको असतो, कोरडेपणा हवा असतो.

कारण घामाला स्वतःचा असा फारसा वासच नसतो. तळपायाला घामाच्या ग्रंथी खच्चून भरलेल्या, बूट बंद, त्यामुळे घाम जाणार कुठे, मग ओल, ऊब आणि पायाची मेलेली कातडी असं सगळं आयतं मिळालं की त्वचेवरचे बॅक्टेरिया त्यावर ताव मारतात आणि त्यातून आयसोव्हॅलेरिक अ‍ॅसिड वगैरे तयार होतं, तोच तो आंबट कुबट वास. (काही चीजवर जे ब्रेव्हिबॅक्टेरियम वाढतात त्यांचे भाऊबंद आपल्या पायावरही असतात, त्यामुळे पायाला चीजसारखा वास येतो म्हणतात ते उगाच नाही.)

म्हणून रोज तेच बूट घालणं बंद करा. आतून ओले झालेले बूट एका रात्रीत नीट वाळत नाहीत, वरून कोरडे वाटले तरी आत बोटांकडे दमटच असतात. दोन जोड आलटून पालटून घातले तर निम्मं काम तिथेच होतं. आणि घरी आल्यावर बूट तसेच कपाटात कोंबू नका हो, लेस सैल करा, जीभ पुढे ओढा, इनसोल बाहेर काढून वेगळा ठेवा, कारण सगळ्यात जास्त घाम तोच पितो. पावसात भिजले असतील तर आत कागदाचे बोळे भरा आणि ते ओले झाले की बदला, तेच बोळे दोन दिवस आत ठेवले तर काही उपयोग नाही. पंख्याखाली ठेवले तर उत्तम. लेदरचे बूट मात्र कडक उन्हात किंवा हीटरजवळ ठेवू नका, चामडं तडकतं.

मोजे रोज धुतलेले, हे सांगायला लागू नये पण लागतं. पाय खूप घामेजत असतील तर जाड सुती मोजे ओल धरून बसतात, त्यापेक्षा लोकरीचे किंवा खेळाडू घालतात तसे घाम बाहेर ओढणारे सिंथेटिक मोजे बरे. पाय साबणाने धुवा आणि बोटांच्या बेचक्या पुसा, तिथे कोणी पुसतच नाही!

बेकिंग सोडा रात्री आत टाकून सकाळी झटकला तर फरक पडतो, वास आम्लाचा आणि सोडा अल्कली, त्यामुळे तो वास मारतो. पण ओल तशीच राहिली तर वास परत येणारच. बूट फ्रीजरमध्ये ठेवायचा उपायही फिरत असतो, त्यावर माझा विश्वास नाही, थंडीत बरेचसे बॅक्टेरिया मरत नाहीत, नुसते गप्प बसतात आणि पाय आत गेला की पुन्हा सुरू.

एवढं करूनही वास जात नसेल तर इनसोल फेकून नवा घाला, जुन्यात मुरलेलं निघत नाही. आणि तळव्याला बारीक खड्डे पडलेत, बोटांमध्ये खाज आहे किंवा कातडी सुटतेय असं दिसलं तर मात्र बुटाच्या मागे न लागता त्वचेच्या डॉक्टरांना पाय दाखवा.