सिंहगड, पाच वर्षांचं पोरगं आणि उतरतानाचा घसारा

"आतकरवाडीतून सिंहगड? अहो, लहान पोरं पळत चढतात!" ऑफिसात ज्याला विचारलं त्याने हेच ऐकवलं. चढतात, खोटं नाही. आमच्या पाच वर्षांच्या चिरंजीवांनीही चढून दाखवलं. उतरायचं कसं, यावर मात्र कुणी चकार शब्द काढला नव्हता. गुडघे अजून ठणकताहेत, त्या भरात लिहितोय.

चढाचं थोडक्यात. उजाडायला पायथ्याच्या आतकरवाडीत हजर राहा, कारण ऑक्टोबरात नऊनंतर ऊन पाठ सोलून काढतं. गाडी नसेल तर पुण्याहून पीएमपीची 50 नंबरची बस पायथ्यापर्यंत जाते. चढाची उंची सहाशे मीटरच्या आसपास. सराव असलेला माणूस तासाभरात वर पोचतो, पोराबरोबर अडीच तास धरा. वाटेत ताक, सरबत, काकडीवाले आहेत, त्यांच्या आशेवर मूल पुढे सरकतं. आमच्याकडे तानाजींची घोरपड कामी आली. "बाबा, ती आत्ता कुठे असेल?" "पुढच्या वळणावर." ती घोरपड चढली म्हणतात तो डोणागिरीचा कडा भलतीकडे आहे, हे सांगायची गरज नाही.

वर पिठलं-भाकरी, मडक्यातलं दही. छान. पुढे.

उतरायला जीपने जायचा बेत होता. पार्किंगपाशी भाव विचारला तर म्हणे अख्खी गाडी करा, पोराचंही पूर्ण भाडं, आणि आतकरवाडीत सोडणार नाही, फाट्यावर उतरा. आमची गाडी आतकरवाडीत! ही शुद्ध लूट आहे. बायको म्हणाली, "चल, चालतच जाऊ." निघालो.

पावसाळ्यात वाटेवरची माती वाहून जाते आणि सुटा मुरूम उरतो. ऑक्टोबरच्या उन्हात तो वाळला की पायाखालून ज्वारीच्या दाण्यांसारखा निसटतो. आपण टाच रोवतो, तिरके उतरतो. मुलाला टाच रोवणं ठाऊक नसतं आणि उतार दिसला की त्याला पळायचंच असतं. वरच्या टप्प्यात आमचं रत्न इतक्यांदा बुडावर आपटलं की पँटची शिवण उसवली. त्यात रविवार. कानात हेडफोन घालून वर येणारे घामाघूम वीर, मूल दिसतंय तरी आतली बाजू सोडायला तयार नाहीत. तुम्ही दरीच्या कडेला सरकायचं! मी दोघांशी भांडलो. पुन्हा भांडेन.

जमलं ते असं. एकाने मुलाच्या दोन पावलं खाली, अंग तिरकं करून उतरायचं. दुसऱ्याने डोंगराच्या बाजूने चालत मुलाच्या काखेत हात घालून धरायचं. मनगट धरून लटकवू नका. पाय सटकला की सगळा हिसका कोपराला बसतो. कडेवर तर अजिबात घेऊ नका, आपलाच पाय कुठे पडतोय ते दिसत नाही. फारच घसारा असेल तिथे मुलाला सरळ बसून सरकू द्या. पँट जाते, जाऊ दे. म्हणजे दोन मोठी माणसं हवीतच. एकट्याने पोर घेऊन ही वाट उतरणं हा आगाऊपणा आहे. शाळेचे गुळगुळीत तळाचे बूट आणि क्रॉक्स घरी ठेवा.

जीपचं भाडं आणि कुठे सोडणार, हे चढायच्या आधी पायथ्याला विचारून घ्या. वर पोचल्यावर, पोर पेंगत असताना, घासाघीस करायला तोंड उरत नाही. पैसे जास्त मागितले तरी शिव्या घालून द्या आणि जीपनेच उतरा.

पाचच्या आतलं मूल असेल तर आतकरवाडीचं नाव काढू नका. गाडीने वर जा, देवटाक्याचं पाणी दाखवा, कल्याण दरवाज्यापर्यंत चालवा. तेवढ्याने मूल दमतं. फक्त कड्यांच्या बाजूला हात सोडायचा नाही, मग ते कितीही किंचाळो.