आमची वाटचाल : शेजारचे माग आणि एक पहिलं गाणं

सोलापूरच्या साखर पेठेत यंत्रमागाच्या भिंतीला भिंत लावून आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओ काढला, कारण परवडणारी जागा तीच होती. धोट्याची खटखट दारं-फटी बुजवून आटोक्यात आणता येते. खरा त्रास जमिनीतून चढणाऱ्या हादऱ्याचा. स्टँडखाली रबर, माइकला हादरे अडवणारा शॉकमाउंट, 80 हर्ट्झखालचं सगळं कापलेलं, तरी शांत मुखड्यात घुमघुम उरायचीच. भिंतींना सोलापुरी टॉवेल चार पदरी टांगले होते. टॉवेल-चादरीनं फक्त वरचे स्वर मरतात, खालचे खोलीतच फिरतात आणि गळा डब्यात गायल्यासारखा लागतो. कोपऱ्यांत 4 इंच रॉकवूल (आवाज शोषणारी दगडी लोकर), मागे 4 इंच पोकळी, एवढं केल्यावर खोली निवळली.

हादऱ्यावर उपाय मात्र शेजारच्या मागवाल्या काकांनी केला. दुपारच्या जेवणाला माग थांबत, काका ती सुट्टी आमच्यासाठी अर्धा तास लांबवत. कामगारांची मजुरी नगावर, म्हणून त्या अर्ध्या तासाचे पैसे काका स्वतः भरत. आमच्याकडून त्यांनी कधी चहाही घेतला नाही.

जुळे सोलापूरच्या एका मुलीचं पहिलं गाणं अशाच अकरा दुपारांत रेकॉर्ड झालं. शब्द, चाल, गळा तिचाच. विषय विड्या वळणारी आई. पट्टी काळी चार, गिटारला पहिल्या घरात कॅपो, म्हणजे तारा दाबून धरणारा चिमटा. पेटी जुनी, थोडी चढी, म्हणून गिटार ट्यूनरवर न लावता पेटीवर लावली. पेटीचा सूर सत्रापुरता बदलत नाही, बदलायची ती तार. ठेक्याला तबला घेतला नाही, आईची कात्री घेतली. कोरडं तेंदूपान कात्रीखाली तडकतं, ओलवलेलं मऊ 'कच्च' करतं. पान ओलवून, माइक आठ इंचांवर, किंचित तिरका ठेवला. गळ्याला पॉप फिल्टर, फुंकर अडवणारी जाळी, चार बोटं पुढे. सगळं 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, पीक, म्हणजे आवाजाचं सर्वांत वरचं टोक, उणे 10 डेसिबलच्या आसपास.

मिक्स तयार झालं आणि "बारीक वाजतंय" म्हणून मास्टरिंगला, म्हणजे शेवटचा हात फिरवायला, शहरातल्याच दुसऱ्या स्टुडिओत गेलं. तिथे लिमिटर (आवाजाची टोकं चेपणारं साधन) दाबून ते उणे 7 लफ्सपर्यंत चढवलं; लफ्स म्हणजे गाणं एकूण किती मोठं वाजतं त्याचं माप. स्पॉटिफायसारखं ॲप गाणी साधारण उणे 14 वर आणून वाजवतं. म्हणजे चढवलेलं सात डेसिबल तिथे उतरतं, चेपलेलं मात्र चेपलेलंच राहतं. कात्री गळ्याइतकीच मोठी झाली, अंतऱ्यातली कुजबुजलेली ओळ बुडाली. "शब्दच कळत नाहीत" हा पहिला अभिप्राय, आणि श्रेयात नाव फक्त आमचं. त्या स्टुडिओनं एकदाही खुलासा केला नाही. बुकिंगं तिकडेच वळली. तीन महिन्यांचं भाडं थकलं, कंडेन्सर माइक विकायला काढला होता. आजही ते आठवलं की घशाशी येतं.

मास्टरिंगला फाइल देताना सगळे ट्रॅक जिथे एकत्र येतात त्या मास्टर बसवरचा लिमिटर काढा, पीक उणे 6 डेसिबल ठेवा, सोबत स्वतःचं मिक्स ऐकायला द्या आणि मास्टर परत आला की दोन्ही एकाच पातळीवर आणून ताडून बघा. मोठं वाजतं तेच आधी चांगलं वाटतं, तिथेच फसगत होते. आणि स्वतः लिहून चाल लावणाऱ्यांनो, आयपीआरएसचं, म्हणजे गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या संस्थेचं, सभासदत्व आधी घ्या. 2012 च्या कॉपीराइट दुरुस्तीनं गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा राखून ठेवलाय, "सगळे हक्क दिले" असं कुणी लिहून मागितलं तरी.

आम्ही पुन्हा मास्टर केलं, उणे 13 लफ्सवर, टोक उणे 1 डेसिबलवर. त्याला आयएसआरसी, म्हणजे रेकॉर्डिंगचा ओळख क्रमांक, नवा घेतला, आणि ऐकल्याचा आकडा शून्यापासून. ते नुकसान त्या मुलीनं सोसलं, आम्हाला एका शब्दानं बोलली नाही. ॲपवर गाणं फार वर गेलं नाही. पण विड्या जमा करायच्या रांगेत तिच्या आईनं ते फोनवर लावलं, तेव्हा पुढची बाई शब्द सुरू व्हायच्या आधीच म्हणाली, "अगं, ही तर कात्री."