मुरगावचा धक्का, बोगमाळोची वाळू

सकाळी साडेसहा, जहाज अजून समुद्रात

क्रूझवर गोव्याच्या मुरगाव बंदराला एक दिवस उतरायचं, तर रात्री केबिनच्या दाराशी खोचलेला उद्याच्या कार्यक्रमाचा कागद चहाआधी वाचायचा. त्यावर दोन वेळा छापलेल्या असतात, एक जहाज सुटायची आणि दुसरी सगळ्यांनी जहाजावर परत यायची. लक्षात राहते पहिली, कामाची असते दुसरी. दोन्हींत अर्ध्या तासापासून दीड तासापर्यंत फरक असतो. आजच्या कागदावर धक्का नऊला, परत साडेचारला, सुटका सहाला. म्हणजे आपल्यासाठी जहाज साडेचारलाच सुटणार. शिडी वर घेतली की कुणाच्या विनवण्या चालत नाहीत.

त्याच कागदाच्या तळाशी बंदरावरच्या एजंटचा फोन नंबर असतो. मोबाईलवर फोटो काढावा आणि शिवाय कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण उशीर होतो तेव्हा नेमकी बॅटरी संपलेली असते.

फोन अजून फ्लाइट मोडवरच राहू द्यावा. भर समुद्रात तो जहाजावरचं सॅटेलाइट नेटवर्क पकडतो आणि त्याचा दर रोमिंगचा लागतो. दीपस्तंभ दिसला म्हणून लगेच चालू करायची घाई नको. धक्क्याला दोर बांधले की मग.

आज द्वादशी. भरतीच्या वेळेसाठी तिथीची पाऊणपट करायची कोकणातली जुनी रीत गोव्यालाही चालते. बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. नऊच्या सुमारास भरती, सव्वातीनला ओहोटी. हिशेब अर्ध्यापाऊण तासाने इकडेतिकडे होतो, पण दिवस आखायला पुरतो. आपण वाळूवर असू तो सगळा वेळ पाणी उतरतं असणार. याचा उपयोग पुढे आहे.

नऊ ते दहा, धक्का

डेकवर उभं राहिलं की पहिल्यांदा येणाऱ्याचा हिरमोड होतो. नारळाची झाडं, पांढरी वाळू यांच्या जागी क्रेन आणि कोळसा. मुरगाव हे मालाचं बंदर आहे, आणि बंदराला जे हवं ते किनाऱ्याला नको असतं. बंदराला पाहिजे खोल आणि निवांत पाणी, म्हणून ते सड्याच्या डोंगराआड, झुआरी नदीच्या मुखाशी, लाटा अडवणाऱ्या बांधाच्या आत बसलंय. वाळू साचते ती लाटा येतात त्या बाजूला. म्हणून बायणा, बोगमाळो हे किनारे याच भूशिराच्या पाठीवर, दक्षिणेला, उघड्या अरबी समुद्राकडे तोंड करून आहेत. नकाशा एकदा असा डोक्यात बसला की कुठे जायचं हा प्रश्न निम्मा सुटतो.

नऊला धक्का म्हणजे नऊला बाहेर नव्हे. कागदपत्रं होईपर्यंत पाऊण तास जातो, आणि आधी जहाजाच्या सहलीचे गट उतरतात. जिन्यात गर्दी करून उभं राहण्यात अर्थ नसतो. नाश्ता करावा, दुसऱ्या लोंढ्यात उतरावं. मालाच्या धक्क्यातून पायी भटकू देत नाहीत, गेटपर्यंत सहसा बस असते. जहाजाचं कार्ड आणि आधारसारखं मूळ ओळखपत्र दोन्ही जवळ हवीत. बाहेर पडताना कुणी फारसं पाहत नाही, आत येताना पाहतात.

पिशवीत: माणशी एक लिटर पाणी, सुटे पैसे (शंभर-दोनशेच्या नोटा), पाणी न शिरणारी छोटी थैली, टोपी, एक कोरडा कपडा. जहाजाचा टॉवेल केबिनच्या नावावर लिहून मिळतो आणि हरवला तर पैसे कापतात, त्यामुळे घरचा पंचा बरा. तो वाळतोही लवकर.

दहा, गेटबाहेर

इथे दिवस बिघडतो. टॅक्सीवाले घेरतात आणि तोंडावर पहिलं नाव असतं कळंगुट-बागा. प्रवाशांच्याही डोक्यात तेच असतं. आता मोजू. कळंगुट इथून साधारण पंचेचाळीस किलोमीटर. नवा झुआरी पूल झाल्यापासून कुठ्ठाळीची कोंडी सुटली हे खरं, पण पणजी आणि पर्वरी ओलांडायचीच आहे. जाताना दीड तास धरला तर पोचायला साडेअकरा-पावणेबारा. परतताना वाहतुकीचा भरवसा नाही म्हणून दोन तास धरायचे, आणि गेटवर साडेतीनला हवं. म्हणजे दीडला निघायचं. पावणेदोन तासांच्या वाळूसाठी साडेतीन तास गाडीत.

बोगमाळो दहा-बारा किलोमीटर. साडेदहाला पाय पाण्यात, पावणेतीनपर्यंत मुक्काम. सव्वाचार तास. कोलवा मधला पर्याय: लांबलचक सपाट किनारा, पण एका बाजूला तासभर धरावा लागतो. बायणा सगळ्यांत जवळ, वास्को शहराच्या कुशीतच. वस्तीतला किनारा आहे, संध्याकाळी शेंगा खात बसायला छान. पोहायला तिथे जाऊ नये, असं माझं मत.

वाहनाचं. ओला-उबरच्या भरवशावर गोव्यात उतरू नये. गोवामाइल्स हे टॅक्सीचं ॲप आहे, पण टॅक्सीस्टँडच्या तोंडाशी उभं राहून गाडी बोलावली तर चालक यायला कचरतात. वास्कोच्या बाजारात येऊन बोलावली तर काम होतं. स्टँडवरची टॅक्सी करायची तर भाडं जाण्याचं की जाऊन-येऊन, थांबण्याचे तास किती, हे बसण्याआधी बोलून घ्यावं. बोगमाळोला सोडून परत न्यायला दुपारी ये, असं ठरवलं तर पूर्ण पैसे आधी देऊ नयेत. निम्मे आत्ता, निम्मे परत गेटवर.

एकटा माणूस असेल तर पायलट. भाड्याची मोटारसायकल, पुढचं मडगार्ड पिवळं, मागे एक प्रवासी. वास्कोच्या गल्ल्यांतून याच्याइतकं चपळ काही नाही. बस हवी तर वास्कोहून स्थानिक बस मिळते, पण मोजक्याच फेऱ्या, म्हणून जाताना बस नि येताना टॅक्सी असा मेळ घालावा. उलटं करू नये. पणजीला जायचंच असेल तर कदंबची (गोव्याची सरकारी बससेवा) विनाथांबा शटल आहे. तिचं तिकीट खिडकीवर काढून मग रांगेत उभं राहायचं, बसमध्ये चढून कंडक्टरची वाट बघायची नाही.

स्कूटर भाड्याने घेऊ नये. एरवी गोव्यात जरूर घ्यावी (काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच, पांढऱ्या पाटीची दिली तर दंड आपल्यालाच). बंदराच्या दिवशी मात्र कागद, अनामत, पेट्रोल यांत अर्धा तास जातो आणि चाक पंक्चर झालं तर साडेचारचं गणित कोलमडतं.

वाटेत दाबोळीच्या टेकडीवर नौदलाचं विमान संग्रहालय लागतं. अंगणात उभं असलेलं चार इंजिनांचं सुपर कॉन्स्टेलेशन पाहायला पाऊण तास बास. सोमवारी बंद.

साडेदहा ते पावणेतीन, बोगमाळो

छोटी, कोयत्यासारखी वळलेली खाडी. उत्तरेच्या टोकाला मोठं हॉटेल, समोर समुद्रात बेटं. ग्रांद बेटाच्या बोटीवाले इथेही हाक मारतात. आज नाही म्हणावं. ती सहल अर्ध्या दिवसाची आहे, आणि बोट किती वाजता परत फिरेल हे आपल्या हातात नसतं.

पाण्यात उतरण्याआधी निशाणं बघायची. लाल-पिवळं निशाण लावलेल्या दोन काठ्यांच्या मध्येच पोहायचं. नुसतं लाल असेल तर उतरायचं नाही. जीवरक्षक सकाळी साडेसात ते संध्याकाळी सहा असतात.

आता द्वादशीचा हिशेब. पाणी उतरत असताना आतली ओढ वाढते. ती ओळखायची खूण फसवी आहे: जिथे लाटा फुटत नाहीत, पांढरा फेस नाही, पाणी जरा गडद किंवा गढूळ आणि वर शांत दिसतं, तीच ओढीची वाट. लाटांनी किनाऱ्याकडे ढकललेलं पाणी त्याच पट्ट्यातून परत जात असतं. लहान मुलांना घेऊन आईबाप नेमके ती शांत जागा निवडतात. ओढीत सापडल्यावर किनाऱ्याकडे तोंड करून हात मारत राहिलं की माणूस दमतो, आणि बुडतो तो दमल्यामुळे. किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर पडायचं, मग लाटांबरोबर आत यायचं. पोहता येत नसेल तर तरंगत हात वर करायचा. आणि गुडघाभर पाण्यात उभं राहिल्यावर पायाखालची वाळू भराभर सरकत असेल तर कमरेपर्यंत जायचंच नाही.

जेलीफिशचा चटका बसला तर चोळायचं नाही. समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, गोड्या पाण्याने नाही, आणि जीवरक्षकाकडे जायचं.

जेवणाची ऑर्डर पोहून आल्यावर नव्हे, पोहायला जाण्याआधी द्यावी. शॅकमधल्या (वाळूवरच्या झोपडीवजा खाणावळीतल्या) मासळीला अर्धा-पाऊण तास सहज लागतो, आणि ओल्या अंगाने वाट बघत बसण्यात दिवसातला चांगला वेळ जातो. मासळी वजनावर असेल तर कच्ची असताना तराजूवर बघून भाव विचारावा. ताटाला शीत-कोडी (भात नि कालवण), तळलेला बांगडा नि किसमूर असेल तर बाकी मेनूकार्ड बाजूला ठेवलं तरी चालेल. सुक्या सुंगटांचं (कोळंबीचं) किसमूर भातावर पसरून लगेच खायचं. खोबरं ओलं असतं, पाच मिनिटांत सुंगटं मऊ पडतात नि कुरकुर जाते.

उघड्या किनाऱ्यावर दारू पिणं गुन्हा आहे, शॅकमध्ये नाही. विकत घेतलेली बाटली जहाजाच्या दारात जमा करून घेतात आणि शेवटच्या दिवशी देतात. काजूंना कुणी अडवत नाही.

पावणेतीन, परतीची वाट

इथून निघताना मन रेंगाळतं, कारण वीस-पंचवीस मिनिटांची वाट आणि साडेचारपर्यंत पावणेदोन तास हाताशी दिसतात. ते तास आपले नाहीत. दाबोळीच्या विमानतळाची गर्दी, न आलेली टॅक्सी, गेटवरची तपासणी, धक्क्यावरच्या बसची रांग यांच्या नावावर ते लिहिलेले आहेत. साडेतीनला गेटवर पोचून काहीच घडलं नाही तर वरच्या डेकवर चहा.

जहाजाची सहल उशिरा आली तर जहाज तिच्यासाठी थांबतं, आपल्यासाठी नाही. सहलीला जास्तीचे पैसे देतो ते या एका गोष्टीचे. चुकलंच तर आधी एजंटला फोन. वेळ थोडा चुकला असेल तर तो मदत करू शकतो. जहाज गेलं असेल तर मुंबईच्या फेरीत संकट तसं बेताचं: दाबोळीहून विमान किंवा मडगावहून कोकणकन्या रेल्वे, नि सामान मुंबईला उतरवून घ्यायचं. परदेशी बंदरात मात्र पासपोर्ट कुठे आहे, आपल्याजवळ की जहाजाच्या कपाटात, हे उतरण्याआधीच विचारून ठेवावं.

लक्षद्वीपच्या फेरीत ही बंदराची मांडणीच नसते. अगत्ती बेटाला जहाज प्रवाळाच्या बाहेर उभं राहतं आणि छोट्या बोटींनी न्यावं लागतं. कोकण बोटीच्या काळात बऱ्याच बंदरांत पडावातून (होड्यांतून) उतरत तसंच. तिथे साडेचारऐवजी शेवटच्या बोटीची वेळ पाठ करायची, आणि परतीची रांग दीड तासाची धरायची, कारण शेवटच्या दोन बोटींना सगळेच येतात. समुद्र चढलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. तिथे आपण बाहेरच्या माणसाला पुढचे पैसे आधी देऊन ठेवले असतील तर ते गेले. अगत्तीला दारूबंदीही आहे.

चार वाजता, शिडीपाशी

पिशवी मशीनमधून जाते, कार्ड पिंग करतं. चपला धक्क्यावरच झटकाव्यात. केबिनच्या न्हाणीत वाळू गेली की मोरी तुंबते, आणि जहाजावर प्लंबर बोलावण्यात अख्खी संध्याकाळ जाते. समोर कोळशाचा ढीग तसाच आहे. पांढरा शर्ट घालून आलेले लोक बाह्या झटकतायत.