हायकू डायरी: एकदाच वाजून गप्प बसणारं कार्ड

शनिवारी रात्री सव्वाबाराला हायकू या ऑपरेटिंग सिस्टिमच्या टर्मिनलमध्ये पिंगला (नेटवर्कवरच्या दुसऱ्या मशीनला मारलेल्या हाकेला) उत्तर आलं. घरात सगळे झोपलेले, त्यामुळे ओरडता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

नेटवर्क कार्ड डी-लिंकचं डीएफई-५५०टीएक्स. पुण्याच्या जुन्या बाजारात ८० रुपयांना मिळालं. चिप सनडान्स एसटी२०१ घराण्यातली. 'लिस्टडेव्ह' (जोडलेल्या उपकरणांची यादी देणारी आज्ञा) मारलं की ११८६:१००२ हा आयडी दिसतो, म्हणजे पीसीआय बसला कार्ड पहिल्या दिवसापासून दिसत होतं. पण हायकूत त्याला घ्यायला कोणताच ड्रायव्हर (कार्ड चालवणारा प्रोग्राम) पुढे येत नव्हता. मशीन जुनं पेंटियम ४, एकाच कोअरचं. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

नव्या मंडळींसाठी थोडक्यात: हायकूतले नेटवर्कचे बरेचसे ड्रायव्हर फ्रीबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममधून आलेत. मध्ये एक सुसंगतीचा थर आहे, तो फ्रीबीएसडीच्या कर्नलचं सोंग घेतो आणि मूळ कोड जवळपास तसाच चालतो. प्रत्येक ड्रायव्हरसोबत फक्त 'ग्लू' नावाची सी भाषेतली एक छोटी फाइल लिहायची. माझ्या चिपसाठी फ्रीबीएसडीत 'एसटीई' ड्रायव्हर आहेच. तेव्हा वाटलं, चाळीस ओळींचा ग्लू, एका सुट्टीचं काम. तीन आठवडे गेले.

पहिला आठवडा माझ्या आळसात गेला. ग्लूमध्ये सांगावं लागतं की इंटरप्ट ('माझ्याकडे बघ' अशी कार्डाने प्रोसेसरला दिलेली हाक) आला तर तो आपल्याच कार्डाचा आहे का हे तपास आणि आधी त्याचं तोंड बंद कर. फ्रीबीएसडीत ड्रायव्हरचा इंटरप्ट हँडलर स्वतंत्र थ्रेडमध्ये चालतो, म्हणून तो बिनधास्त म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप, बाकीचे थांबून राहतात) घेतो. हायकूत खऱ्या इंटरप्टच्या वेळी म्युटेक्सला हात लावायचा नाही. म्हणून थर दोन पायऱ्या करतो: आधी ग्लूमधली छोटी तपासणी, मग थ्रेडला जागं करून मूळ हँडलर. मी ती तपासणी लिहिलीच नाही, नुसतं 'हो' म्हणायला लावलं. झालं! पीसीआयची इंटरप्ट लाइन कार्ड गप्प होईपर्यंत ओढलेलीच राहते. कार्डाला गप्प करणार थ्रेड, आणि इंटरप्टच्या माऱ्यात एकुलत्या कोअरला थ्रेडकडे वळायला सवडच नाही. माउसचा बाणसुद्धा हलेना. शिफ्ट दाबून बूट मेनूत गेलो, सेफ मोडमध्ये बाहेरचे अ‍ॅड-ऑन बंद केले, तेव्हा डेस्कटॉप परत दिसला. (प्रयोगाचे ड्रायव्हर 'नॉन-पॅकेज्ड' फोल्डरमध्ये ठेवायचे ते यासाठीच.)

मग शहाण्यासारखी तपासणी लिहिली: स्टेटस रजिस्टर (कार्डाला काय झालंय ते सांगणारा चिपमधला कप्पा) वाच, आपलं काही असेल तर 'हो' म्हण. गोठणं थांबलं. 'आयएफकॉन्फिग'मध्ये कार्ड आलं, लिंकचा दिवा लागला, पण पत्ता मिळाला १६९.२५४ वाला. म्हणजे डीएचसीपीकडून (नेटवर्कवर पत्ते वाटणाऱ्या सेवेकडून) काही आलंच नाही, हायकूने स्वतःच पत्ता घेतला. दुसऱ्या टोकाला डेबियन लिनक्सचा, पत्ते वाटणारा लॅपटॉप थेट वायरने जोडला आणि त्यावर टीसीपीडम्प (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारा प्रोग्राम) लावला. पत्ता मागणारी हायकूची 'डिस्कव्हर' पॅकेटं व्यवस्थित येत होती, लॅपटॉप उत्तरादाखल 'ऑफर' पाठवतही होता. हायकूकडे मात्र आलेली पॅकेटं शून्य. बोलतंय, पण ऐकत नाही.

दोन संध्याकाळी मी रिसीव्ह रिंगच्या डिस्क्रिप्टरांमागे (आलेली पॅकेटं मेमरीत कुठे ठेवायची ते कार्डाला सांगणाऱ्या नोंदींमागे) घालवल्या. तिथे काहीच चुकलेलं नव्हतं. शेवटी तपासणीत एक मोजणी टाकली, प्रत्येक इंटरप्टला सिसलॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदवहीत) एक ओळ. बूट केलं, सिसलॉग उघडला. ओळ एकच! पहिला इंटरप्ट आणि त्यानंतर चिडीचूप.

तेव्हा कुठे एसटीईचा मूळ कोड नीट वाचला. या चिपला स्टेटस वाचायची दोन रजिस्टरं आहेत, 'आयएसआर' आणि 'आयएसआर अ‍ॅक'. पहिलं नुसतं बघायचं. दुसरं वाचलं की स्टेटस पुसलं जातं आणि सोबत इंटरप्ट मास्कही (कोणते इंटरप्ट चालू ठेवायचे ते ठरवणारं रजिस्टर) शून्य होतो, म्हणजे सगळे इंटरप्ट बंद. हँडलरमधल्या कॉमेंटमध्ये हे चक्क लिहिलंय. मी ग्लूमध्ये वाचत होतो दुसरं. म्हणजे मीच स्टेटस गिळून टाकायचो. मागून हँडलर यायचा, त्याला शून्य दिसायचं, 'आपलं काही नाही' म्हणून तो परत जायचा. मास्क पुन्हा चालू करायची ओळ त्याच्या शेवटी आहे, तिथवर तो पोचायचाच नाही. आणि ड्रायव्हर स्वतः मास्क लावतो म्हणून 'परत चालू करा' वाला भाग मी ग्लूमध्ये रिकामा ठेवला होता. दोन्हीकडून दार बंद.

आता तपासणीत फक्त 'आयएसआर' बघतो, त्यातला इंटरप्ट लॅचचा ('मी इंटरप्ट दिलाय' असं सांगणारा) बिट नसेल तर 'माझा नाही' म्हणून सोडून देतो, कारण याच लाइनवर साउंड कार्डही बसलंय. असेल तर मास्कमध्ये शून्य लिहितो. पुसापुशी हँडलरची. हायकूतल्या इतर काही ड्रायव्हरांत स्टेटस एका चलात जपून पुढे देतात. तो मार्गही चालला असता, पण मग मूळ फाइलला हात लावावा लागतो, आणि फ्रीबीएसडीतून नवी आवृत्ती उचलताना तेच आड येतं. मला आवडत नाही.

फाइल कॉपी करून पाहिली: सेकंदाला ९ एमबीच्या आसपास. १०० मेगाबिटच्या कार्डाकडून आणि या मशीनकडून याहून जास्त मागणार नाही.

एक दुखणं उरलंय. वायर काढून पुन्हा लावली की दिवा लागतो, पण हायकू लिंक तुटलेलीच दाखवतो. इंटरफेस खाली-वर केला की ताळ्यावर येतो. पीएचवाय (वायरशी बोलणारा, लिंक ओळखणारा चिपचा भाग) मी जेनेरिक 'यूकेपीएचवाय' ड्रायव्हरवर सोडलाय, संशय तिथेच आहे. पुढच्या रविवारी तोच उघडून बसणार.