धबधब्याकडे पाठ

आमच्याकडे पाहुणे आले की त्यांचा कार्यक्रम ठरलेला असतो. पहिले दोन दिवस झोप. मग वॉशिंग्टन शहरातली स्मारकं, म्युझियमं, आणि तिथे पायांचे तुकडे पडले की एक दिवस ग्रेट फॉल्स. पोटोमॅक नदीच्या व्हर्जिनियाकडच्या काठावरचं हे पार्क. झाडांखाली बाकं, गाडी लावली की पाच मिनिटांत धबधबा. म्हाताऱ्या मंडळींना झेपेल एवढं चालणं, ज्यांना खुमखुमी असेल त्यांच्यासाठी नदीकाठच्या खडकांवरून जाणारी दीडेक मैलाची वाट. सगळे खूश होतात आणि यजमानाला फारसं काही करावं लागत नाही. मी तिथे किती वेळा गेले असेन याची मोजदाद नाही. धबधब्यापुढे उभं करून फोटो काढायचे, पाण्यात उतरायला बंदी आहे हे दोनदा बजावायचं, की झालं.

यंदा मे महिन्यात मामा-मामी आले, तेव्हाही एवढाच बेत होता.

मामा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालाय. उभी नोकरी कालव्यावर गेली. आमच्या लहानपणी तो सुट्टीत घरी आला तरी त्याच्या तोंडी आवर्तन, चारी, सांडवा, क्युसेक यांखेरीज दुसरं काही नसे. इतर मुलांचे मामा गोष्टी सांगायचे, आमचा मामा टेलच्या, म्हणजे कालव्याच्या पार शेवटच्या टोकाच्या, शेतकऱ्याला पाणी का पोचत नाही ते सांगायचा. अजूनही कुठे नळ गळत असेल तर त्याला झोप लागत नाही. आमच्याकडे आल्याच्या दुसऱ्याच दिवशी त्याने वरच्या बाथरूमचा फ्लश दुरुस्त केला.

ग्रेट फॉल्सचा धबधबा म्हणजे एका कड्यावरून कोसळणारी धार नव्हे. एका मैलाच्या आत नदी ७६ फूट खाली उतरते, तीही सरळ नाही. खडकांच्या रांगांवर आपटत, फुटत, एकमेकींच्या अंगावर जात. वरच्या अंगाला जवळजवळ हजार फूट रुंद असलेलं पात्र खाली माथर घळीत शिरताना ६० ते १०० फुटांवर येतं. एवढं पाणी एवढ्याशा जागेतून जायचं म्हटल्यावर जो काही आवाज व्हायचा तो होतो. मामीने कठड्याला धरून "अगंबाई!" म्हटलं आणि ती तिथेच खिळली. मामाने दोन मिनिटं बघितलं, "वेग चांगलाय," असं प्रमाणपत्र दिलं आणि मागे वळला.

मागे एक खांब आहे. त्यावर वेगवेगळ्या सालांच्या पाट्या लावल्यात, त्या त्या वर्षीचा पूर कुठवर चढला ते दाखवणाऱ्या. खाली १९९६ आहे, त्याच्या वर १९७२, मग १९४२, आणि सगळ्यांच्या वर, मामाच्या डोक्याच्याही वर, १९३६. आता हा खांब काही नदीत उभा नाही. तो कड्याच्या माथ्यावर आहे, आणि नदी तिथून खूप खाली वाहते. म्हणजे ती अख्खी घळ भरून पाणी वर आलं आणि मग आणखी माणूसभर चढलं. मामा खांबाकडे बघत राहिला. पानशेत फुटलं तेव्हा, १९६१ साली, तो शाळेत होता. त्या पुराबद्दल तो एरवी बोलत नाही, इथेही बोलला नाही. "पूररेषा लोकांच्या डोळ्यांसमोर ठेवली पाहिजे," एवढंच म्हणाला.

मग त्याचं लक्ष त्या ओढ्याकडे गेलं.

बाकांच्या मागच्या बाजूला एक कोरडा, गवताने भरलेला खळगा आहे. त्यावरून जायला एक छोटा पूल आहे. इतकी वर्षं मी तो पूल ओलांडतेय आणि इतकी वर्षं त्या खळग्याला ओढा समजतेय. मामाने पुलावर थांबून डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं.

"हा कसला ओढा? ओढा असा सरळ जातो का कधी? कालवा आहे हा."

"मामा, तिकडे अजून दोन पॉइंट आहेत धबधब्याचे..."

"तू मामीला दाखव."

आणि तो कालव्याच्या काठाने चालायला लागला. कालव्याच्या कडेने चालायची त्याची एक चाल आहे, हात मागे बांधून, मान खाली, दर वीस पावलांवर थांबून उताराचा अंदाज घेत. ती चाल मी तीस वर्षांनी बघितली. मामी म्हणाली, "जाऊ दे त्याला. इन्स्पेक्शनला निघालाय."

शेवटी आम्हीही मागोमाग गेलो. वाटेत जंगलात पडक्या भिंती दिसतात, एक चुलाण्याची चिमणी उरलीय. हे माटिल्डाविल. इथे एकेकाळी बाजार होता, पिठाची गिरणी होती, लाकूड कापायची गिरणी होती, लोखंड ओतायचा कारखाना, खानावळ, मजुरांच्या बराकी. हेन्री ली नावाच्या लढवय्याने हे गाव वसवलं आणि त्याला आपल्या पहिल्या बायकोचं नाव दिलं. पुढे तो कर्जबाजारी होऊन तुरुंगात गेला आणि गावही बसलं. आता भिंतीतून झाडं उगवलीत. मामीला हे आवडलं नाही. "बायकोचं नाव द्यायचं तर टिकेल अशा गोष्टीला द्यावं," ती म्हणाली.

मामा आम्हाला भेटला तो लॉकपाशी. लॉक म्हणजे दोन दारांमधली दगडी टाकी. होडी वरून आत येते, मागचं दार लावून घेतात, पुढच्या दारातली झडप उघडून पाणी हळूहळू सोडतात, पाण्याबरोबर होडी खाली बसत जाते, आणि बाहेरच्या पातळीला आली की पुढचं दार उघडून चालू लागते. "लिफ्ट आहे ही," मामा म्हणाला, "विजेचं बिल नसलेली." धबधब्याला वळसा घालून होड्या खाली नेण्यासाठी इथे अशी पाच लॉक होती. दारं केव्हाच गेली, भिंती उभ्या आहेत. तांबूस वालुकाश्माचे घडीव चिरे, सांध्यात सुरी जाणार नाही असे बसवलेले. शेवटची दोन लॉक मात्र चिऱ्यांची नाहीत. तिथे कड्यालाच सुरुंग लावून खडक फोडलाय. बांधकामासाठी दारू ठासून खडक उडवण्याचं तंत्र अमेरिकेत तेव्हा जेमतेम सुरू होत होतं.

मामा भिंतीला नाक लावून उभा होता. मला वाटलं, डोळ्यांना कमी दिसतंय.

"ये, इकडे ये. हे बघ."

चिऱ्याच्या दर्शनी बाजूवर छिन्नीने कोरलेली बोटभर खूण होती. काही रेघा, एकमेकींना छेदणाऱ्या. शेजारच्या चिऱ्यावर वेगळी. तिसऱ्यावर पुन्हा पहिली.

"पाथरवटाची खूण. ज्याचा दगड त्याची निशाणी. आठवड्याला मोजणी होते आणि त्याप्रमाणे दाम मिळतो. सही येत नसली तरी निशाणी येते." त्याने पहिल्या खुणेवर अंगठा ठेवला. "हा बरा कारागीर होता. ह्याची कड बघ, आणि शेजारच्याची बघ. तो उरकायच्या मागे होता."

मी बघितलं. खरंच होतं. सव्वादोनशे वर्षांपूर्वीच्या एका माणसाने काम उरकलं होतं आणि माझ्या मामाने आज ते पकडलं.

मग प्रश्न सुरू झाले. कुणी बांधला, किती वर्षं लागली, खर्च किती, लाभ किती. मी माहितीफलक वाचून आणि फोनवर शोधून उत्तरं देत गेले, हाताखालच्या कारकुनासारखी.

बांधला पटोमॅक कंपनीने, १७८५ साली निघालेल्या. अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन. स्वातंत्र्ययुद्ध जिंकून घरी आलेला, राष्ट्राध्यक्ष व्हायला अजून चार वर्षं असलेला वॉशिंग्टन. डोंगरापलीकडे ओहायोच्या खोऱ्यात जाऊन वसलेल्या लोकांचा माल पोटोमॅकमधून पूर्वेला आणता आला, तर ते लोक आपल्याशी बांधलेले राहतील, नाहीतर स्पॅनिशांकडे किंवा इंग्रजांकडे वळतील, अशी त्याची धास्ती होती. नदी तर होती, फक्त तिच्यात धबधबे होते. म्हणून एकंदर पाच ठिकाणी कालवे काढायचे.

"पण नदी दोन राज्यांच्या मधून जाते ना? मग भांडण झालं असणार," मामा म्हणाला. हे त्याला फलक न वाचता कळलं.

झालंच होतं. पलीकडे मेरीलँड, अलीकडे व्हर्जिनिया. नदीवर हक्क कुणाचा, जकात कुणाची, यावर १७८५ च्या मार्चमध्ये वॉशिंग्टनच्याच घरी, माउंट व्हर्ननला, दोन्हीकडची माणसं बसली आणि चक्क तोडगा निघाला. त्यावरून वाटलं की सगळ्याच राज्यांनी व्यापाराबद्दल असं बसावं. पुढच्या वर्षी ॲनापोलिसला बैठक बोलावली, तिथे पाचच राज्यं आली. म्हणून १७८७ मध्ये फिलाडेल्फियाला पुन्हा बोलावली, आणि तिथे अमेरिकेची राज्यघटना लिहिली गेली.

मामा माझ्याकडे बघत राहिला. राज्याराज्यांतल्या पाण्याच्या भांडणासाठी नेमलेल्या कृष्णा लवादाच्या कागदांचे गठ्ठे ज्याने आयुष्यभर एका कपाटातून दुसऱ्या कपाटात हलवले, त्याला हे ऐकून काय वाटलं असेल!

"दोन राज्यांचं पाण्याचं भांडण," तो सावकाश म्हणाला, "आणि त्यातून दोन वर्षांत राज्यघटना? आमचं तर दोन वर्षांत तारीखसुद्धा लागायची नाही."

मजुरांचं विचारल्यावर मात्र मला जरा अडखळायला झालं. आसपासच्या मालकांकडून भाड्याने घेतलेले गुलाम होते. आयर्लंडहून करारावर आणलेले नोकर होते, जे पळून जायचे. पळाले तर ओळखू यावेत म्हणून त्यांचं डोकं आणि भुवया भादरून टाकत. मामा काही बोलला नाही. थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे ही खूणवाली माणसं वेगळी. खूण करायची ती ज्याला दाम मिळतो त्याने."

काम १७ वर्षं चाललं. ही लॉक १८०२ मध्ये सुरू झाली, तोवर वॉशिंग्टनला जाऊन दोन वर्षं उलटली होती. मग पीठ, व्हिस्की, तंबाखू, लोखंड घेऊन होड्या इथून जॉर्जटाउनला उतरू लागल्या. प्रवाहाविरुद्ध परत आणणं एवढं कष्टाचं की काही होड्या तिथे पोचल्यावर मोडून लाकडाच्या भावाने विकत आणि नावाडी पायी घरी येत. हे ऐकून मामा खूप हसला.

"आणि पाणी? बारमाही चालायचा का?"

हा खरा प्रश्न होता, आणि तो त्यानेच विचारावा. नव्हता चालत. पावसाळी फुगवट्यात नदी होड्यांना जुमानायची नाही, उन्हाळ्यात पात्रात होडी टेकायची. वर्षातून महिना-दोन महिने काय ते पाणी बेताचं असायचं. जमलेल्या जकातीतून कर्जाचं व्याजसुद्धा निघालं नाही. १८२८ मध्ये कंपनीने सगळं दुसऱ्या एका कालवा कंपनीच्या गळ्यात मारलं. त्या कंपनीने नदीचा नाद सोडला आणि पलीकडे मेरीलँडच्या काठाने स्वतंत्र कालवा खोदायला घेतला. कुदळ मारली ४ जुलै १८२८ ला, आणि नेमकी त्याच दिवशी बाल्टिमोरला रेल्वेचीही कोनशिला बसली. कम्बरलँड गावी रेल्वे १८४२ ला पोचली, कालवा १८५० ला.

"आठ वर्षं लेट," मामा म्हणाला. त्याच्या आवाजात कळवळा होता. खात्यात असताना त्यानेही काही मुदती बघितल्या असणार. मग चिऱ्यावर थाप मारून म्हणाला, "पण काम चोख आहे. पाणीच नाही त्याला दगड काय करणार? सर्व्हे उन्हाळ्यात एकदा आणि पुरात एकदा करायला हवा होता."

आम्ही परत निघालो तेव्हा मामीने विचारलं, इथे एवढी गर्दी मग कालव्यामुळे होते का? नाही, गर्दी धबधब्यामुळे, तीही जुनीच. १९०६ मध्ये जॉर्जटाउनहून इथवर ट्रॉली सुरू झाली आणि लोक रविवारी सहलीला येऊ लागले. घोड्यांचं चक्रही होतं लहान मुलांसाठी. १९७२ च्या ॲग्नेस वादळाच्या पुराने ते मोडलं. खांबावरची ती पाटी.

पार्किंगमध्ये आमच्या शेजारच्या गाडीच्या टपावर एक काळं गिधाड बसलं होतं. इथे ती बरीच असतात, आणि गाड्यांचं रबर चोचीने सोलून काढण्याचा त्यांना षोक आहे. मामाने ते बारकाईने बघितलं. "मन लावून करतंय," म्हणाला.

ते परत गेल्यावर पंधरा दिवसांनी रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर त्याचा निरोप आला. आधी लॉकच्या भिंतींचे सदतीस फोटो, त्यातल्या खुणा लाल पेनाने गोल करून. मग खाली लिहिलेलं: "दाराची उभी खाच किती इंच खोल आहे ते राहिलं. दोन्ही बाजू मोज. वरून आणि खालून वेगवेगळी. घाई नाही." आणि लगेच दुसरा निरोप: "पाऊस पडून गेल्यावर जा. ओल्या दगडावर खूण स्वच्छ दिसते."

स्टीलचा टेप गाडीच्या डिकीत टाकून ठेवलाय. शनिवारी पावसाचा अंदाज आहे.