जोर कुठे द्यायचा?

आज लेकीने माझी शिकवणी घेतली. झालं असं, दुपारी ऑनलाइन मुलाखतीत मी 'डेव्हलप' म्हणालो आणि समोरच्या बाईंनी दोनदा विचारलं, काय म्हणालात? लेक म्हणे, "बाबा, जोर 'डे'वर नाही, 'व्हे'वर. डिव्हेऽलप."

मग टेबलावर बोट आपटत दाखवलं. 'फोटोग्राफ'मध्ये ठोका 'फो'वर. 'फोटोग्राफी'त तो 'टॉ'वर सरकतो आणि 'फो'चा नुसता 'फ' उरतो. 'फोटोग्राफिक'मध्ये थेट 'ग्रा'वर! आमच्या सोलापूरच्या नवी पेठेत पाट्या वाचताना मी आजवर सगळी अक्षरं एकसारखी बडवत आलोय.

आपली मराठी म्हणजे सोलापूरच्या पूर्व भागातला कापड विणायचा माग. खटक खटक, ऱ्हस्व-दीर्घ सोडलं तर प्रत्येक अक्षराला आपापला वाटा. इंग्रजीत जोराचं अक्षर ठसठशीत, बाकीची अर्धवट गिळायची. 'रेकॉर्ड' तर कहरच. नाम असेल तर जोर पहिल्या अक्षरावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर.

आई शेंगाचटणीशी कडक भाकरी मोडत सगळं ऐकत होती. म्हणाली, "गिळायचीच असतात तर लिहितात कशाला रे?"

लेक गप्प. मी अजून 'डिव्हेऽलप' घोकतोय.